देवळालीच्या संख्या आणि नाशिकरोडची जानेवारी

१२ जानेवारी

वाकडेवाडीहून सकाळची बस पकडली, चाकणला नेहमीचं ट्रॅफिक, मग मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत नाशिकरोडला उतरले तेव्हा दुपार कलली होती आणि गार वारं सुटलं होतं. मैत्रीण बिटकोला स्कूटर घेऊन उभी होती. ती इथल्या एका कॉलेजात गणित शिकवते, मी पुण्यात, आणि आमचा तिसरा गडी बंगळुरूला, तो प्रोग्रॅमिंगची बाजू बघतो. बरेच महिने आमचं काम व्हिडिओ कॉलवरच चाललंय. पण व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट होत नाही, ती म्हणजे गप्प बसणं. दोन मिनिटं कोणी बोललं नाही की लगेच "आवाज येतोय ना?" आणि नंबर थिअरीत (पूर्ण संख्यांच्या गणितात) तर अर्धं काम गप्प बसूनच होतं, एकीने कागदावर काहीतरी खरडायचं, दुसरीने ते नुसतं बघायचं, आणि मग कधीतरी "थांब थांब, हे परत सांग". म्हणून संक्रांतीला जोडून रजा टाकली आणि आले.

प्रश्न नाशिकचाच आहे. कापरेकर, म्हणजे इथल्या देवळालीचे शाळामास्तर, म्हटलं की लोकांना ६१७४ आठवतो, चार अंकी कुठलीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. ते सुंदर आहेच. पण माझं मत विचाराल तर त्यांचं खरं खोल काम दुसरंच आहे. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४० मध्ये ४ मिळवले की ४४, म्हणजे ४० हा ४४ चा जनक. आता २० ला जनक शोधून बघा. सापडत नाही. ३१ ला नाही, ४२ ला नाही, ५३ ला नाही. अशा जनक नसलेल्या संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. जगात त्यांना सेल्फ नंबर म्हणतात.

रात्री जेवताना काकू (मैत्रिणीच्या सासूबाई) म्हणाल्या, "पोरींनो, हे आकडे मिळवून पुढे काय होतं?" त्यांनी मनापासून विचारलं होतं, म्हणून मीही मनापासून सांगायचा प्रयत्न केला. बेरीज आणि गुणाकार या दोन गोष्टी एकमेकींना फारशा ओळखत नाहीत, नंबर थिअरीतले बहुतेक अवघड प्रश्न तिथूनच येतात. आणि संख्येचे अंक ही तिसरीच गोष्ट, ती या दोघींनाही नीट ओळखत नाही. त्यांचा एकमेकांशी संबंध लावणं हेच आमचं काम. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे सोयरीक जुळवायचं काम. हो, तसंच.

१३ जानेवारी, भोगी

सकाळी डायनिंग टेबल रिकामं केलं, कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला आणि बसलो. आत भोगीच्या भाजीची तयारी चालू, वाल, हरभरा, गाजर, वांगी, सगळं कापून परातीत, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास येतोय, अशात काम करायला मला फार आवडतं.

आज सगळा वेळ जंक्शन नंबरवर गेला. ज्या संख्येला एकापेक्षा जास्त जनक असतात तिला कापरेकरांनी हे नाव दिलं. सगळ्यात लहान १०१. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१, आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. कारण बघितलं तर हातचा. शंभराच्या खालच्या संख्यांमध्ये मोठे अंक असतात, त्यांची उडी लांब पडते, शंभराच्या वरच्यांची उडी आखूड, आणि दोघी एकाच जागी उतरतात.

तीन जनक असलेली सगळ्यात लहान संख्या म्हणजे १ वर १३ शून्यं आणि त्यात १ मिळवा ती. पहिल्यांदा ऐकलं की धक्काच बसतो, दोन जनकांना १०१ पुरतो आणि तिसऱ्यासाठी थेट चौदा अंक? मैत्रिणीने ते कागदावर उलगडून दाखवलं आणि ते इथे लिहायलाच हवं. ९११ घ्या. ९०१ अधिक १० म्हणजे ९११, ८९२ अधिक १९ म्हणजेही ९११. म्हणजे ९११ ला आधीच दोन जनक आहेत. आता या ९०१ आणि ८९२ च्या पुढे डावीकडे दहा नऊ लावा. प्रत्येकाच्या अंकांच्या बेरजेत ९० वाढले. ९११ अधिक ९० म्हणजे १००१, हजार ओलांडले, हातचा एक सुटला आणि तो सगळ्या नवांना शून्य करत पार टोकाला गेला. उरलं काय तर १, मग बारा शून्यं, मग १. एकूण चौदा अंक. आणि १ वर तेरा शून्यं या संख्येत तिची अंकांची बेरीज १ मिळवली तरी तेच येतं, हा तिसरा जनक. १३ कुठून आला? दहा नऊ आणि खालचे तीन अंक. बास.

चार जनकांचं तर अजून गोड आहे. १ वर २४ शून्यं, अधिक १०२. वरच्या बाजूने आपला तोच १०१ दोन जनक देतो, खालच्या बाजूने २१ नऊ आणि त्यांच्यापुढे ९०२ किंवा ८९३, म्हणजे ९१३ चे दोन जनक. करून बघा, जमतं. हे असं हाताने जमलं की दिवसभर अंगात एक ऊब राहते. अलेक्सेयेव आणि स्लोअन यांचा याच जंक्शन नंबरवरचा पेपर २०२१ च्या शेवटी आला, तो आम्ही दोघींनी किती वेळा वाचलाय याचा हिशोब नाही.

संध्याकाळी चक्कर मारायला मुक्तिधामपर्यंत गेलो. वाटेत गाडीवर द्राक्षं दिसली, अजून सीझन नीट सुरू नाही त्यामुळे जरा आंबट होती पण घेतलीच.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी तिळगूळ, गुळपोळी, तूप. अकरानंतर बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो कारण घरात पाहुणे यायला लागले. गच्चीवर सोसायटीतली पोरं पतंग घेऊन, एकाच्या हातात मांजा आणि त्याची बहीण मागे आसारी (मांज्याची फिरकी) धरून, तो ढील म्हणाला की ती सोडते, खेच म्हणाला की गुंडाळते. दोघींनी मिळून गणित करणं मला असंच वाटतं, कधी एकीने उडवायचं आणि दुसरीने आसारी सांभाळायची, आणि आसारीवालीला मांज्याचा ताण हातात कळतो.

आमचा प्रश्न इथे नीट सांगते. सरासरी काढली तर प्रत्येक संख्येला एक जनक पडतो, कारण प्रत्येक संख्या कोणाची तरी एकदाच जनक होते आणि उडी तिच्या आकाराच्या मानाने अगदी छोटी असते. मग काही संख्यांना जनकच नसेल तर ती तूट कुठेतरी भरून निघायला हवी, ती भरतात जंक्शन नंबर. आणि तीन किंवा जास्त जनकवाल्या इतक्या विरळ आहेत की जवळजवळ जितक्या देवळाली संख्या तितक्याच दोन जनकांच्या संख्या. आपल्या दशमान पद्धतीत देवळाली संख्यांचं प्रमाण दहात एकाच्या किंचित खाली आहे. बायनरीत, म्हणजे बेस २ मध्ये (बेस म्हणजे लिहायला किती अंक वापरायचे ते, इथे फक्त ० आणि १), पाव हिश्शाच्या किंचित वर, साधारण ०.२५२६. ही बायनरीवाली संख्या ट्रान्सेंडेंटल आहे हे ट्रॉय आणि झानियर यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केलं, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याच बहुपदी समीकरणाचं ती उत्तर नाही. नुसते अंक मिळवण्याच्या खेळातून अशी संख्या बाहेर पडते, मला तर हे अजून नवल वाटतं.

विषम बेसमध्ये मजा नाही, तिथे संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही एकदम सम नाहीतर एकदम विषम असतात, त्यामुळे मिळवलं की नेहमी सम, आणि सगळ्या विषम संख्या आपोआप देवळाली. खरी गोष्ट सम बेसमध्ये. आम्हाला हवंय की सम बेस मोठा मोठा होत गेला की ते प्रमाण नेमकं कसं वागतं.

तर गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मैत्रीण म्हणाली, "अगं, जनक शोधताना वरच्या अंकांकडे बघूच नको." दहा अंकी संख्या घेतली तर अंकांची बेरीज जास्तीत जास्त ९०, म्हणजे जनक हा संख्येपेक्षा फार तर ९० ने लहान, म्हणजे शेवटचे दोन अंक सोडून वरचा आठ अंकी भाग एकतर तसाच राहतो नाहीतर एकने कमी होतो. दोनच शक्यता. शिवाय ९ ने भागून उरणारी बाकी जुळावी लागते, म्हणून तपासायचे उमेदवार जेमतेम दहा-अकरा. मूळ तंत्र आमचं नाही, या विषयातल्यांना माहीत आहे. पण ती पुढे म्हणाली की वरचा भाग एकने कमी होतो तेव्हा किती नऊ तयार झाले एवढंच मोज, आणि प्रत्येक जास्तीच्या नवासाठी अशा संख्या बेसपट विरळ होतात. मी काही बोलले नाही. दहा मिनिटं तरी नुसतं त्या कागदाकडे बघत होते. मग पेन घेतलं आणि भूमिती श्रेणी (प्रत्येक पद आधीच्याच्या ठरावीक पटीत) मांडली, आणि बेरीज मर्यादेत राहिली.

तेवढ्यात एकाचा पतंग कटला आणि सगळी पोरं ओरडत जिन्याकडे पळाली.

१५ जानेवारी, किंक्रांत

काकूंचं फर्मान, आज करिदिन, नवीन काही सुरू करायचं नाही. आम्हालाही तेच हवं होतं. कालचं सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, प्रत्येक ओळीला "हे कशावरून" विचारत. या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पण पेपर बनतो तो अशाच दिवसांनी.

दुपारी बंगळुरूवाल्याला कॉल लावला. त्याने वेगवेगळ्या सम बेसचे तक्ते काढून ठेवले होते, आमचा अंदाज त्यांच्याशी ताडून पाहिला. मोठ्या बेसला मस्त बसतोय, ६ आणि ८ लाही ठीक, बेस ४ मध्ये मात्र ढिला पडतो. लहान बेसमध्ये श्रेणी हळू घटते, मग वरची मर्यादा उपयोगाची राहत नाही. तो म्हणाला, "ताई, ४ वेगळा हाताळावा लागेल, मशीनने केस संपवूया का?" मैत्रिणीला ते पटेना, तिला सगळ्या सम बेसना एकच युक्तिवाद हवाय. मला दोघांचं पटत होतं. बराच वेळ वाद झाला, चांगला वाद, आवाज चढले पण कोणाचंही मन दुखलं नाही. सहकार्य म्हणजे गोड बोलणं असं बऱ्याच जणांना वाटतं, माझा अनुभव वेगळा आहे. ज्याच्याशी बिनधास्त "हे मला पटलेलं नाही" म्हणता येतं त्याच्याबरोबरच काम पुढे जातं.

मग विषय निघाला एकट्याने केलेल्या कामाचा. यितांग झांग या गणितज्ञाने २०१३ मध्ये एकट्याने दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढे टेरेन्स ताओ यांच्या पुढाकाराने कितीतरी जणांनी मिळून, सगळं उघड्यावर लिहीत, आणि मेनार्डची स्वतंत्र युक्ती हाताशी आल्यावर, ते अंतर २४६ पर्यंत खाली आणलं. दार एकाने उघडलं, आणि आत किती खोल्या आहेत ते सगळ्यांनी मिळून पाहिलं.

१६ जानेवारी, पांडवलेणी

आज टेबलापासून लांब जायचं ठरवलं होतं. द्वारका चौकावरून हायवेने पांडवलेणी. पायऱ्या चढताना दोघींना दम लागला, सकाळची वेळ असूनही ऊन लागत होतं, पण वर पोचल्यावर वारा छान.

मला बघायचं होतं दहा नंबरचं लेणं. व्हरांड्याच्या भिंतीवर उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख आहे, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात दानाचा हिशोब कोरलाय. ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले, २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यात) राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यासाठी. गुणून बघा, दोन हजाराचं शेकडा एकने महिन्याचं व्याज २०, वर्षाचं २४०, आणि वीस भिक्षूंना बारा बारा म्हणजेही २४०. पैसा न पैसा जुळतो. पुढे ७०,००० कार्षापणांचा उल्लेख, ३५ चा एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) धरून २००० सुवर्ण. तेही जुळतं.

मैत्रीण त्या अक्षरांजवळ जाऊन अंक शोधत होती. हे ब्राह्मी अंक, यात शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, सत्तरला वेगळी, हजाराला वेगळी. म्हणजे हिशोब चोख आहे, पण ज्याला आपण "अंकांची बेरीज" म्हणतो ती गोष्टच या भिंतीवर अस्तित्वात नाही.

मी तिथे बराच वेळ बसून राहिले कारण कापरेकरांच्या कामावरचा सगळ्यात जुना आक्षेप हाच आहे. अंकांचे गुणधर्म हे संख्येचे नव्हेत, लिहिण्याच्या पद्धतीचे, म्हणून ही करमणूक, हे खरं गणित नाही. त्या भिंतीसमोर आक्षेपाची ताकद कळते, खोटं कशाला बोला. पण उत्तरही तिथेच सुचतं. पद्धत बदलल्यावर काय टिकतं आणि काय जातं हेच तर विचारायचं. दोन जनक असणं प्रत्येक सम बेसमध्ये टिकतं, आकडे बदलतात पण रचना तीच, हातच्याची. आणि अंकांबद्दलचे प्रश्न हलके असतात हे आता कोणी म्हणू नये. मोदुई आणि रिवा यांनी २०१० मध्ये सिद्ध केलं की मूळ संख्यांच्या अंकांच्या बेरजा सम आणि विषम यांत सारख्या वाटल्या जातात, तो प्रश्न गेलफाँदने १९६८ साली विचारला होता. मेनार्डने दाखवलं की एखादा अंक, समजा ७, अजिबात न वापरता लिहिलेल्या मूळ संख्याही अनंत आहेत, आणि त्याला लागणारं गणित आजचं सगळ्यात जड हत्यार आहे. हे सगळं बघायला कापरेकर हवे होते.

खाली उतरल्यावर मिसळ खाल्ली, काळा रस्सा, पापड, दही. चांगलीच झणझणीत.

१७ जानेवारी, देवळाली

कापरेकरांचा वाढदिवस. १९०५ साली डहाणूला जन्म. लॅम रोडने स्कूटरवर देवळाली कॅम्पला गेलो. जुने सॅनेटोरियमचे बंगले, मोठी झाडं, लष्कराच्या भिंती, रस्ते स्वच्छ आणि शांत. १९३० ते १९६२ ते इथल्या शाळेत शिकवत होते. शोधायला गेलो असं काही नव्हतं, नुसतं त्या रस्त्यांवरून चालायचं होतं. बाजारात एका दुकानदार काकांना विचारलं, कापरेकर मास्तर माहीत आहेत का, तर म्हणाले, "ते आकडेवाले ना? माझ्या वडलांना माहीत होते, चालताना स्वतःशीच पुटपुटायचे म्हणे."

दिवसा शाळा, उरलेल्या वेळात हे सगळं. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. ६१७४ वरचा त्यांचा लेख १९५५ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात आला, बरंचसं बाकी काम त्यांनी स्वतः छोट्या पुस्तिका छापून लोकांपुढे ठेवलं. आणि १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं, कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. रामानुजनना गणितज्ञ हार्डी भेटले, १९१४ पासून पाच वर्षं केंब्रिजमध्ये. इथे देवळालीत टेबलाच्या पलीकडे कोणी बसलेलं नव्हतं. "थांब, हे परत सांग" म्हणणारं कोणी असतं तर जंक्शन नंबरचं गणित कितीतरी आधी पुढे गेलं असतं असं मला अगदी खात्रीने वाटतं, आणि वाईटही वाटतं.

परत येताना विहितगावला चहा प्यायलो आणि पेपर वाटून घेतला. नावं आडनावांच्या वर्णक्रमाने, गणितात तीच रीत आहे, कोणाचं काम जास्त हा प्रश्नच निघत नाही आणि निघू नये. नवांच्या रांगांचा अंदाज मैत्रीण लिहिणार, प्रस्तावना आणि सरासरीचा भाग माझ्याकडे, तक्ते आणि प्रोग्रॅम बंगळुरूकडे. बेस ४ चं भांडण अजून मिटलेलं नाही, तिने फेब्रुवारीपर्यंतची मुदत मागितलीय, तोपर्यंत हाताने निघालं नाही तर मशीनने करायचं असं ठरलं. मार्चमध्ये ती पुण्याला येतेय, काकूही येणार आहेत.